राब, कोळसा आणि कायदा

दक्षिण दिल्लीतील रामकृष्णपुरम ही केंद्र सरकारच्या नोकरवर्गासाठी वसवलेली वसाहत. नाव परमहंसांचे, पण व्यवहारात तिला सर्वजण आर. के. पुरम एवढेच म्हणतात. रुंद रस्ते, क्रमांकांनी ओळखले जाणारे सेक्टर, दुमजली-तिमजली सरकारी घरे आणि त्यांच्यावर सावली धरणारी कडुनिंब, जांभूळ, पिंपळ यांची जुनी झाडे हे तिचे रूप. फाल्गुन-चैत्रात या झाडांची पाने गळू लागली, म्हणजे सफाई-कामगार ती झाडून त्यांचे ढीग रचतात. एखाद्या झाडाखाली लाकडी टेबल मांडून, निखाऱ्यांनी भरलेल्या जड इस्त्रीने वसाहतीतील कपडे सारखे करणारा धोबी बसलेला असतो. आणि तेथून काही अंतरावर, सेक्टर एकमध्ये, सेवा भवनाची सरकारी इमारत उभी आहे. तिच्यात ऊर्जा दक्षता ब्यूरो या संस्थेचे कार्यालय आहे.

पाचोळ्याचा ढीग, इस्त्रीतला निखारा आणि सेवा भवनातील फायली या तीन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. तरीही तिन्हींच्या मुळाशी एकच पदार्थ आहे, आणि तो म्हणजे वनस्पतींतला कार्बन. पाचोळा कायद्याच्या दृष्टीने कचरा आहे. निखारा इंधन आहे. तोच पाचोळा हवा कोंडून भाजला आणि त्याचा कोळसा शेतात पुरला, तर सेवा भवनातील योजनेच्या परिभाषेत तो कार्बनची बचत ठरू शकतो. आणि तोच कोळसा पोत्यात भरून गाडीवर घातला, तर शंभर वर्षांपूर्वीच्या एका कायद्याप्रमाणे तो वनोपज होतो. पदार्थ एक आणि नावे चार. प्रत्येक नावामागे वेगळा कायदा, वेगळे खाते आणि वेगळा दंड आहे.

शेतात पुरण्यासाठी केलेल्या या कोळशाला अलीकडे बायोचार म्हणतात. हा शब्द या शतकाच्या पहिल्या दशकात रूढ झाला. परंतु त्याचा कायद्याशी आलेला संबंध नवा नाही. तो समजून घ्यावयाचा, तर दिल्ली सोडून सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर आणि सुमारे दीडशे वर्षे मागे जावे लागते. जळलेल्या काडीकचऱ्याने जमीन कसणारा शेतकरी आणि जंगलावर पहारा करणारे सरकार यांची पहिली मोठी गाठ तेथेच पडली.

ठाणे व कुलाबा या जुन्या जिल्ह्यांत भाताची शेती राबावाचून होत नसे. सुगी संपली, की शेतकरी खाचरातील एखादा उंचवट्याचा तुकडा रोपांसाठी निवडी. त्यावर शेणाचा थर, त्यावर झाडांचे टाहाळे, मग झुडपे, पाचोळा आणि गवत, आणि सर्वांत वर मातीचा पातळ थर अशी रचना करी. मातीचा थर एवढ्यासाठी, की आग भडकू नये. ती आतल्या आत धुमसत राहावी. उन्हाळ्याच्या अखेरीस वाऱ्याची दिशा पाहून राब पेटवला जाई. पहिल्या पावसानंतर त्या काळ्या पडलेल्या जमिनीत बी पेरले, की रोप जोमाने वर येई आणि तणाचा उपद्रव फारसा नसे. टाहाळे आणि गवत मिळावे म्हणून प्रत्येक भातखाचराच्या जोडीला डोंगरउतारावरची वरकस जमीन असे. तीही अपुरी पडली, की शेतकरी जवळच्या जंगलात जाई. खाचर, वरकस आणि जंगल या तिघांवर मिळून एक शेती उभी होती.

याच सुमारास सरकारलाही जंगलाची निकड भासू लागली होती. आगगाडीच्या रुळांखाली घालण्याचे लाकूड, इंजिनाचे जळण, वाढत्या मुंबईची सर्पणाची व कोळशाची भूक या सर्वांचा ताण जंगलांवर पडत होता. १८६५ साली पहिला वनकायदा झाला आणि १८७८ साली त्याची जागा अधिक कडक कायद्याने घेतली. त्या दुसऱ्या कायद्यापूर्वी सरकारी अधिकाऱ्यांतच मोठा वाद झाला होता. ज्या जमिनीवर कोणाचा लेखी हक्क सिद्ध होत नाही ती सर्व सरकारची, असे बेडन-पॉवेल यांचे मत. गावाच्या वहिवाटीला काही स्थान असावे, हे वनखात्याचे पहिले प्रमुख ब्रँडिस यांचे म्हणणे. मद्रास सरकारने तर या धोरणाला उघड विरोध केला होता. अखेर कायद्याचा कल बेडन-पॉवेल यांच्या बाजूने झुकला. राखीव जंगलात पूर्वीच्या वहिवाटीचे रूपांतर हक्कात न होता सवलतीत झाले. हक्क मागता येतो. सवलत मिळाली तर मिळते आणि काढूनही घेता येते. महात्मा फुले यांनी १८८३ च्या सुमारास लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात वनखात्यावर जी टीका केली आहे, तिची पार्श्वभूमी हीच आहे.

राबासाठी टाहाळे तोडण्यावर बंधने येताच ठाण्यात मोठा असंतोष पसरला. अर्ज झाले, सभा झाल्या, वृत्तपत्रांतून चर्चा झाली. शेवटी मुंबई सरकारला १८८५ मध्ये या तक्रारींच्या चौकशीसाठी वन-आयोग नेमावा लागला, आणि त्याचा अहवाल १८८७ मध्ये बाहेर आला. वरवर पाहता प्रश्न एवढाच होता, की शेतकऱ्याने झाडाच्या फांद्या किती व कोणत्या तोडाव्यात. परंतु त्याच्या तळाशी दुसरा प्रश्न होता : राब ही शेतीची गरज आहे, की अडाणीपणाची खोड? ती गरज असेल, तर कायद्याने वाट द्यावयास हवी. खोड असेल, तर ती मोडावयास हवी. वनाधिकाऱ्यांपैकी अनेकांना ती खोड वाटे.

या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेतून येणे भाग होते. इलाख्याच्या शेतकी खात्याचे ओझान यांनी राबावर प्रयोग केले. हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यासाठी आलेले रसायनशास्त्रज्ञ व्होल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात या पद्धतीची दखल घेतली. पुढे १९१२ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ना. वि. जोशी व ना. वि. कानिटकर यांनी राबाच्या पद्धतीवर स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला. राखेतून मिळणारे क्षार हे राबाच्या गुणाचे संपूर्ण उत्तर नाही. जमीन तापल्यामुळे तिच्यात जे बदल होतात त्यांचाही त्यात मोठा वाटा आहे, हे या संशोधनातून दिसून आले. ज्याला अडाणीपणा म्हटले गेले त्यात जमिनीच्या शास्त्राचा एक धडा दडलेला होता. मात्र तो धडा हाती येईपर्यंत जंगलांच्या सीमा आखून झाल्या होत्या आणि सवलतींची नोंदही होऊन गेली होती.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. राब म्हणजे बायोचार नव्हे. राबात बहुतेक काडीकचरा जळून राख होतो. मातीच्या थराखाली जेथे हवा कमी पोचते तेथे थोडा कोळसा शिल्लक राहतो एवढेच. धूर होतो, आणि झाडांच्या डहाळ्या दरवर्षी छाटल्या जातात हेही खरे. परंतु जळलेले अवशेष जमिनीत घालून तिचा कस वाढवावयाचा, ही कल्पना दोहोंत समान आहे. आणि कायद्याने त्या कल्पनेकडे कसे पाहिले हे राबाच्या इतिहासावरून स्पष्ट दिसते. कायद्याने पाहिले ते फक्त एकाच बाजूने : हे जळण आले कोठून?

हाच प्रश्न १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात अधिक ठळकपणे पुढे आला. पूर्वीच्या कायद्यांना एकत्र करणारा हा अधिनियम आजही लागू आहे. त्याच्या दुसऱ्या कलमात वनोपज या शब्दाची व्याख्या दोन याद्यांनी केली आहे. दुसऱ्या यादीतील झाडे, पाने, फुले, फळे, गवत, वरची माती, दगड या वस्तू जंगलात असतील किंवा जंगलातून आणल्या असतील तरच वनोपज होतात. पहिल्या यादीतील वस्तू मात्र जंगलातून आणलेल्या असोत वा नसोत, वनोपजच मानल्या जातात. त्या यादीत इमारती लाकूड, कात, राळ, लाख, मोहाची फुले, हिरडा अशी नावे आहेत, आणि लाकडाच्या लगोलग कोळसा आहे. म्हणजे शेतकऱ्याने स्वतःच्या बांधावरचे पान उचलले तर ते पान आहे. पण स्वतःच्याच बांधावरची बाभूळ तोडून तिचा कोळसा केला, तर ते वनोपज आहे.

हा नियम केवळ सरकारी हावेपोटी झाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. सागाचा ओंडका सागाचाच म्हणून ओळखता येतो. त्याच्यावर खात्याचा शिक्का असतो, त्याची साल, त्याचा रंग आणि त्याच्या वर्तुळरेषा साक्ष देतात. कोळसा झाला, की सालही जाते आणि शिक्काही जातो. राखीव जंगलातला खैर आणि शेतातली बाभूळ पोत्यात शेजारी पडली, तर चौकीवरच्या शिपायाला त्यांत फरक करता येणार नाही. कोळशाला जन्माचा दाखला नसतो. आग लाकडाला जाळते आणि त्याच्या मालकीचा पुरावाही जाळते. म्हणून कायदेकर्त्यांनी सोपी वाट काढली आणि सगळाच कोळसा संशयास्पद धरला. वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार कलम ४१ ने सरकारला दिला. राखीव जंगलात कोळसा पाडणे कलम २६ ने गुन्हा ठरवले. आणि कलम ६९ ने असे गृहीत धरले, की वनोपजाच्या मालकीबद्दल प्रश्न निघाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो माल सरकारचाच समजावा. पुरावा द्यावयाचा तो पोत्याच्या धन्याने.

मराठीत म्हण आहे, की कोळसा उगाळावा तितका काळाच. कायद्याच्या बाबतीत ती फार खरी ठरली. ज्याच्याजवळ कागद होता त्या ठेकेदाराचा कोळसा मुंबईच्या वखारींत बिनबोभाट पोचला. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा कोळशाच्या वायूवर मोटारगाड्या धावल्या, आणि त्या काळात कोळशाच्या भट्ट्यांना मोठी बरकत आली. त्या भट्ट्या लावणारे हात बहुतेक ठिकाणी कातकऱ्यांचे होते. काताच्या धंद्यावरून ज्या जमातीला तिचे नाव मिळाले, तिचा तो धंदा जंगलाच्या बंधनांनी संपुष्टात आला, आणि मग पावसाळ्यानंतर उचल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे दूरच्या भट्ट्यांवर जाऊ लागली. कोळसा पाडण्याची विद्या कातकऱ्यांच्या हातात; कोळशाचा परवाना दुसऱ्याच्या खिशात. १९७६ मध्ये वेठबिगारीच्या निर्मूलनाचा कायदा झाला तो अशाच अनेक बंधनांवर घाव घालण्यासाठी.

स्वातंत्र्यानंतर कोळशावर दुसरे नाव चढले ते धुराच्या अनुषंगाने. १९८१ च्या हवा प्रदूषण प्रतिबंधक अधिनियमाने राज्य सरकारांना दोन अधिकार दिले. प्रदूषण-नियंत्रण क्षेत्रात कोणते इंधन वापरावे हे ठरवण्याचा एक, आणि जे इंधन नाही अशा पदार्थाच्या ज्वलनावर बंदी घालण्याचा दुसरा. येथेही सारा भर नावावरच आहे. काडी चुलीत गेली तर इंधन. शेतात पेटली तर इंधन नव्हे. दिल्लीचा हिवाळा दरवर्षी धुराने कोंडू लागला, तेव्हा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१५ मध्ये राजधानीत पाने व कचरा उघड्यावर जाळण्यास मनाई केली आणि त्यासाठी ५,००० रुपयांचा दंड ठरवला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश, राजस्थान व दिल्ली येथील शेतकऱ्यांना पिकांचे अवशेष जाळण्याबद्दल भरपाई लावण्यात आली. दोन एकरांच्या आत जमीन असणाऱ्यास २,५००, पाच एकरांपर्यंत ५,००० आणि त्याहून अधिक असेल तर १५,००० रुपये. २०२१ साली राजधानी प्रदेशाच्या हवेसाठी स्वतंत्र आयोगाचा कायदा झाला. त्यातील कैदेची कठोर शिक्षा शेतकऱ्यांना लागू करण्यात आली नाही. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये भरपाईच्या या तिन्ही रकमा दुप्पट करण्यात आल्या.

याच आयोगाने जून २०२२ मध्ये राजधानी प्रदेशासाठी मान्य इंधनांची यादी जाहीर केली. उद्योगांतील दगडी कोळशाला तिने १ जानेवारी २०२३ पासून मनाई केली. परंतु लाकडी कोळशाला काही ठिकाणी जागा ठेवली. उपाहारगृहांतील तंदूर, आणि कपड्यांची इस्त्री. आर. के. पुरममधील धोब्याच्या इस्त्रीला इतक्या मोठ्या आदेशात एक ओळ मिळाली, हे पाहून समाधान वाटते. गरिबाच्या पोटाचा विचार कायदा करू शकतो; त्याला त्या व्यवहाराचे नाव माहीत असले म्हणजे झाले. धोब्याचा कोळसा कायद्याला ओळखीचा होता. शेतकऱ्याचा कोळसा ओळखीचा नव्हता. पराळी धुराने जाळणारा आणि पराळी हवा कोंडून भाजून तिचा कोळसा जमिनीत घालणारा या दोघांत भेद करणारी ओळ सुरुवातीच्या कोणत्याही मनाईत नव्हती. सुक्याबरोबर ओलेही जळते, तशातला हा प्रकार.

या दोघांतला भेद मात्र लहान नाही. वनस्पती उघड्यावर जळली किंवा कुजली, तर तिच्यातील जवळजवळ सर्व कार्बन लवकर वा उशिरा हवेत परत जातो. हवा कोंडून ती तापवली, तर साधारण निम्मा कार्बन कोळशाच्या रूपाने मागे राहतो, आणि तो जमिनीत दीर्घ काळ टिकतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यात तेथील प्राचीन वस्त्यांनी मागे ठेवलेली काळी माती शेकडो वर्षांनंतरही सुपीक आहे, आणि तिच्या काळेपणाचे एक कारण तिच्यातील कोळशाचे कण हे आहे. आम्लधर्मी, झिजलेल्या आणि पाणी न धरणाऱ्या जमिनींना अशा कोळशाचा उपयोग अधिक होतो. सर्वच जमिनींना तो सारखा होतो असे नाही. महाराष्ट्रातही याच्या जवळचे उदाहरण आहे. डॉ. एन. के. सावंत यांनी सुचवलेल्या आणि कृषी खात्याने कोकण-मावळात प्रसारित केलेल्या चारसूत्री भातशेतीचे पहिलेच सूत्र पिकाच्या अवशेषांचा फेरवापर हे आहे, आणि त्यात भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेच्या गादीवाफ्यात मिसळावयास सांगितले आहे. झाडे न तोडता राबाचा काही गुण मिळवण्याचा हा मार्ग. ज्या वाफ्यावरून १८८५ मध्ये आयोग नेमावा लागला, त्याच वाफ्यात शंभर वर्षांनंतर सरकारी खात्याने स्वतः काळी भुकटी घालावयास सांगावी, हा इतिहासाचा न्याय म्हणावा लागेल.

अशा पदार्थाला स्वतंत्र नाव असावे ही जाणीव इतर देशांत आधी झाली. जपानने १९८४ साली जमिनीची सुपीकता वाढवण्याविषयी कायदा केला आणि त्याखाली लाकडी कोळशाला जमीन-सुधारक द्रव्यांच्या यादीत जागा दिली. युरोपीय संघाने खतांविषयीच्या २०१९ च्या आपल्या नियमात पुढे भर घातली, आणि जुलै २०२२ पासून हवा कोंडून भाजलेल्या पदार्थांना खतांचा एक घटक म्हणून मान्यता दिली. मान्यतेबरोबर अटीही आल्या. तो कशापासून करावा, किती तापवावा, ज्वलनात निर्माण होणारी विषारी संयुगे त्यात किती असावीत हे सर्व त्यात ठरवलेले आहे. अशा संयुगांच्या एका मोठ्या गटाची मर्यादा किलोमागे ६ मिलिग्रॅम आहे. या अटी अनाठायी नाहीत. रंगवलेल्या लाकडाचा किंवा शहरी कचऱ्याचा कोळसा शेतात गेला तर जड धातूही शेतात जातात. आणि कोळशाला भाव येतो म्हणून उभी झाडे तोडली गेली तर एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने गमावल्यासारखे होते.

भारतात या पदार्थाला चौथे नाव मिळण्याची शक्यता निर्माण झाली ती कार्बनच्या हिशेबातून. ऊर्जा संवर्धन अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती झाली, २८ जून २०२३ रोजी कार्बन क्रेडिट व्यापार योजना जाहीर झाली, आणि डिसेंबर २०२३ मधील सुधारणेने, ज्यांच्यावर कायद्याची सक्ती नाही अशांनाही स्वेच्छेने प्रकल्प नोंदवून क्रेडिट मिळवण्याची वाट मोकळी केली. शेती, वनीकरण, कचरा-व्यवस्थापन ही क्षेत्रे या वाटेत येतात. योजनेचा कारभार ऊर्जा दक्षता ब्यूरोकडे, म्हणजे आर. के. पुरममधील सेवा भवनाकडे सोपवण्यात आला. ठाण्याच्या वनचौकीपासून सुरू झालेला जळलेल्या काडीचा प्रवास असा सेवा भवनाच्या दाराशी येऊन पोचला.

पोचल्यावर मात्र त्याला जुनाच प्रश्न विचारला जातो. क्रेडिट मागणाऱ्याने सिद्ध करावयाचे असते, की काडी कोठून आणली, ती किती तापमानाला भाजली, कोळसा किती निघाला, तो कोणत्या शेतात पुरला आणि तो पुन्हा जळणार नाही याची हमी काय. मोजणी, नोंद आणि त्रयस्थाची पडताळणी यांवाचून कागदावरची बचत खरी मानता येत नाही, हे उघड आहे. खोट्या बचतीने हवा सुधारत नाही. परंतु ही पडताळणी ज्याला परवडते तो मोठा कारखानदार किंवा मोठी कंपनी. दीड एकर भातशेती असलेल्या शेतकऱ्याला ती परवडणारी नाही. १९२७ मध्ये कायद्याने विचारले, हा कोळसा तुझा आहे याचा पुरावा काय? शतकाच्या अंतराने योजना विचारते, हा कोळसा तू जमिनीत ठेवलास याचा पुरावा काय? पूर्वी पुरावा नव्हता म्हणून माल जप्त झाला. पुढे पुरावा नसेल तर मोबदला दुसऱ्याला मिळेल. दोन्ही वेळा उणीव एकच : कोळशाला जन्माचा दाखला नाही, आणि तो दाखला देण्याचा अधिकार गावाजवळ नाही.

या कोंडीतून वाटच नाही असे मात्र इतिहास सांगत नाही. बांबूची गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. वनस्पतिशास्त्राने गवत ठरवलेला बांबू १९२७ च्या अधिनियमाने झाडांत घातला होता, आणि त्यामुळे शेतातला बांबू तोडून नेण्यासही परवाना लागे. नव्वद वर्षांनी, नोव्हेंबर २०१७ मधील अध्यादेशाने आणि त्यापाठोपाठच्या दुरुस्तीने, बांबू झाडांच्या व्याख्येतून वगळण्यात आला. एक शब्द काढल्याने शेतातल्या बांबूची वाट मोकळी झाली. व्याख्या ही दगडावरची रेघ नाही, हे त्यातून दिसले.

दुसरी गोष्ट गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाची. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वननिवासींचा हक्क मान्य केला. त्याच्या व्याख्येत बांबू आहे, काटक्या-झुडपे आहेत, बुंधे आहेत. कोळशाचा उल्लेख नाही. मेंढ्याच्या ग्रामसभेने बांबूवरील आपला हक्क सोडला नाही. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक-परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. पुढच्याच वर्षी वनहक्क नियमांत दुरुस्ती होऊन गौण वनोपजाचे वाहतूक-परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीला मिळाला. चौकीवरच्या शिपायाला जे ठाऊक असणे शक्य नव्हते, ते गावाला ठाऊक होते : कोणता बांबू कोणत्या बेटातून आला, कोणी तोडला आणि किती तोडला. गावाची साक्ष कायद्याने पुरावा म्हणून स्वीकारली, इतकाच याचा अर्थ. पण हा अर्थ फार मोठा आहे.

जळलेल्या काडीच्या बाबतीतही हाच मार्ग उपलब्ध आहे. पिकाच्या अवशेषांपासून, मान्य भट्टीत, धुराची मर्यादा पाळून केलेल्या कोळशाला वनोपजाच्या यादीतून वेगळे करणे हे कायद्याचे काम. त्याची शुद्धता तपासणे हे प्रयोगशाळेचे काम. आणि तो कोणाच्या शेतातला, कोणी भाजला, कोणाच्या वाफ्यात गेला याची नोंद ठेवणे हे ग्रामसभेचे वा शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचे काम. त्रयस्थ पडताळणी करणाऱ्याने शेकडो शेतांवर हिंडण्याऐवजी गावाची वही तपासली, तर खर्च वाटला जाईल आणि मोबदला ज्याने खाली वाकून काडी गोळा केली त्याच्यापर्यंत पोचेल. त्यासाठी १९२७ ची यादी, धुराचे नियम आणि कार्बनचा हिशेब यांना एकमेकांची ओळख करून द्यावी लागेल. आजवर ही तीन खाती एकाच पदार्थाकडे तीन खिडक्यांतून पाहत आली आहेत.

ठाण्याच्या शेतकऱ्याने १८८५ मध्ये आयोगापुढे मांडलेली तक्रार वरवर फांद्यांची होती. तिचा गाभा असा होता, की त्याच्या शेतीचे ज्ञान सरकारच्या शब्दकोशात नाही. ते ज्ञान शब्दकोशात यावयास एका पिढीचा काळ आणि पुण्याच्या प्रयोगशाळेतील परिश्रम लागले, आणि तोवर त्याचे जंगल त्याच्या हातून गेले होते. बायोचारच्या बाबतीत शास्त्र कायद्याच्या आधी येऊन थांबलेले आहे, ही त्या मानाने भाग्याची गोष्ट. आर. के. पुरममध्ये चैत्रातला पाचोळा गोळा होतो, झाडाखालच्या इस्त्रीत निखारे फुलतात आणि सेवा भवनात हिशेबाच्या पद्धती तपासल्या जातात. त्या पद्धतींत गावाच्या वहीला एक रकाना मिळतो की नाही, यावर मावळातला आणि कोकणातला लहान शेतकरी या वेळी दाराच्या आत असेल की बाहेर, हे ठरणार आहे.